पोळपाटावरचा कव्हर ड्राइव्ह

रेडिओवर क्रिकेटचं समालोचन करायला जाताना काका ब्लेझर घालायचे, टाय बांधायचे आणि पायात जँडल्स सरकवायचे. जँडल्स म्हणजे आपल्या साध्या रबरी स्लिपर. ज्या खोलीत एकही कॅमेरा नाही तिथे ब्लेझर कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, आवाजाला कळतं. मग बूट का नाहीत, असं पुढे विचारणारा हमखास निघायचा. त्याला उत्तर मिळायचं, आवाज तिथपर्यंत जात नाही.

काका माझ्या नात्यातले कोणी नव्हते. ते न्यू लिनमधल्या एका फार्मसीत मुख्य फार्मासिस्ट होते आणि मी त्यांच्या हाताखालचा. ऑकलंडमधली सगळी मराठी माणसं त्यांना काकाच म्हणत, त्यांच्या बरोबरीची माणसंसुद्धा. फार्मसीत शेजारचा काउंटर रिकामा असला तरी लोक काकांच्या रांगेत उभे राहायचे, कारण काका गोळ्या कधी आणि कशा घ्यायच्या हेही सामन्यासारखं सांगत. ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला एक माओरी आजी यायची. तिला ते सांगायचे की ही पांढरी गोळी सलामीला येईल, नाश्त्यानंतर, तिला शांतपणे खेळू द्यायचं. दुपारी ड्रिंक्स ब्रेक, पाणी भरपूर. आणि संध्याकाळी ही गुलाबी येऊन सामना संपवेल. आजी हसत हसत "किया ओरा, डार्लिंग" म्हणून निघायची; माओरीत नमस्कार आणि आभार दोन्ही किया ओराच. गोळ्या मात्र ती कधी विसरली नाही. मी तिला तेच सगळं नीट, शुद्ध इंग्रजीत सांगितलं असतं, तर ती दारापर्यंत जाईतो विसरली असती, हे मला मान्य करावं लागतं.

इथे एक छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. तिथे आठवडाभर वेगवेगळ्या लोकांना तास वाटून दिलेले असतात. सामोअन भजनं झाली की टोंगन बातम्या, त्यानंतर पंजाबी गाणी, असं चालू असतं. शनिवारी दुपारी एक तास मराठीचा. काकांच्या आधी त्या तासात साबुदाणा वड्याच्या कृती आणि लग्नाच्या वाढदिवसांच्या शुभेच्छा असायच्या. काकांनी तो तास हातात घेतला आणि जाहीर केलं की यापुढे दर शनिवारी आपल्या मराठी मुलांच्या क्लबच्या सामन्याचं धावतं समालोचन होईल.

आमचा क्लब म्हणजे दोन फार्मासिस्ट, एक नर्स, तीन-चार सॉफ्टवेअरवाले, आणि ज्याची बायको त्या शनिवारी सोडेल तो. ऑकलंडमधल्या सगळ्यात खालच्या गटात आम्ही खेळायचो, आणि त्या गटातही आमच्याशी सामना असला की समोरचे लोक खुशीत असायचे. केंद्रवाल्यांनी काकांना सांगितलं की मैदानावरून प्रक्षेपण करायची सामग्री आमच्याकडे नाही. काका म्हणाले, मला मैदानावर जायचंच नाहीये.

मग जी पद्धत सुरू झाली ती अशी. आमच्यापैकी जो सगळ्यात शेवटी आउट झालेला असेल, त्याने पॅड सोडायच्या आधी क्लबचा फोन हातात घ्यायचा. प्रत्येक षटक संपलं की त्या षटकात काय काय झालं ते काकांना मेसेज करायचं. पुढचा आउट झाला की फोन त्याच्या हातात. म्हणजे आउट होण्याची शिक्षा दुहेरी होती: आपण कसे आउट झालो, हे आपल्याच बोटांनी लिहून पाठवावं लागायचं. काका स्टुडिओत बसून तो मेसेज वाचायचे आणि त्या दोन ओळींतून सहा चेंडू उभे करायचे. त्यामुळे रेडिओवरचा सामना खऱ्या सामन्याच्या एक षटक मागे चालायचा.

त्यांची अवजारं बॅडमिंटनच्या पिशवीतून यायची. काकूंच्या स्वयंपाकघरातला पोळपाट. चेंडू बॅटच्या मधोमध लागला की त्यावर पोळ्यांचं जाड लाटणं, कड लागली की पुऱ्यांचं बारीक लाटणं. यष्ट्या उडाल्या की औषधाच्या बाटल्यांची दोन झाकणं टेबलावर टाकायची. टाळ्यांसाठी एका बाटलीत कोरडा साबुदाणा. सीगल पक्षी ते स्वतःच्या तोंडाने काढायचे आणि जरा जास्तच काढायचे. एकदा मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे मी खेळत नव्हतो, म्हणून त्यांनी मला स्टुडिओत नेलं आणि साबुदाण्याची बाटली माझ्या हातात दिली. समोर एक भिंत, भिंतीवर आग लागल्यास काय करावे याचा तक्ता, पोळपाट, आणि ब्लेझरमधले बुटके, जाड चष्म्याचे काका. मी डोळे मिटले. सगळं हिरवंगार झालं. चौकार गेल्यावर काकांनी मला कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे मला बाटली हलवायची आठवण झाली.

काकांच्या मैदानावर एक भलं मोठं पोहुतुकावाचं झाड होतं, नाताळच्या सुमाराला लाल फुलांनी भरणारं. समुद्राकडून वारा यायचा. लाकडी पॅव्हेलियन होतं आणि त्यावरचं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं. आभाळ कायम निरभ्र. "किया ओरा, नमस्कार मंडळी, ऑकलंडवर आज ऊन पसरलं आहे," असं ते म्हणत असताना स्टुडिओच्या खिडकीवर पाऊस आपटत असायचा. आमचं खरं मैदान फ्लॅट बुशला होतं. तिन्ही बाजूंना नवी दुमजली घरं, सगळ्यांची छपरं राखाडी, सगळ्यांना दोन गाड्यांची गॅरेजेस. चौथ्या बाजूला मोटरवेकडे जाणारा रस्ता. पॅव्हेलियनच्या जागी प्लास्टिकचं एक तात्पुरतं टॉयलेट. काका तिथे एकदाही आले नाहीत. आम्ही आग्रह करायचो तेव्हा म्हणायचे, "तिथे आलो की मला दिसायला लागेल. मग मी काय बोलू?"

त्यांना हे वेड लहानपणी कऱ्हाडला लागलं होतं. पानाच्या एका दुकानाबाहेर गर्दीत उभं राहून ते रेडिओवर सामने ऐकायचे. दुकानदार गिऱ्हाईक आलं की आवाज बारीक करायचा, आणि तेवढ्यात काय झालं असेल ते काका शेजारच्यांना सांगायचे. आवाज परत मोठा झाला की कधी त्यांचं बरोबर निघायचं, कधी चूक. लोकांना काकांचंच जास्त आवडायचं, असं काका सांगायचे. खरंखोटं तपासायला आता कोणी नाही.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. धावा आणि बळी मैदानाचे, त्यात एका धावेचाही फरक करायचा नाही. बाकी सगळं त्यांचं. एकदा चेंडू माझ्या बॅटची आतली कड घेऊन यष्ट्यांना चाटून मागे गेला, आणि यष्टिरक्षक पॅडचा पट्टा नीट करायला वाकला होता म्हणून चौकार झाला. मेसेज गेला: चार, कड. रेडिओवर बारीक लाटणं वाजलं आणि काका म्हणाले, "मनगट सैल सोडलं, चेंडूला फक्त वाट दाखवली... यष्टिरक्षक नुसता बघत राहिला." यातलं शेवटचं वाक्य तर शंभर टक्के खरं होतं.

त्या पोहुतुकावाखाली एका बाकावर एक गोरे आजोबा बसायचे आणि त्यांच्या पायाशी त्यांचा तपकिरी कुत्रा. दोघेही अर्थातच काकांचे. षटक लवकर संपलं आणि पुढचा मेसेज आला नाही, की काका आजोबांकडे वळायचे. आजोबांनी थर्मास उघडला, कुत्र्याने कान हलवले, असं काहीबाही सुरू व्हायचं. एका शनिवारी मेसेज फारच लांबला, तेव्हा काकांनी कुत्र्याला लंगडायला लावलं. पुढच्या आठवड्यात फार्मसीत धड काम करता आलं नाही. मिडलमोर बाजूच्या एका मराठी नर्सबाईंनी पायाला कशी पट्टी बांधायची ते सविस्तर कळवलं. एका गृहस्थांनी हळदीचा लेप सुचवला आणि वर कुत्र्याला भात देऊ नका म्हणून बजावलं. काका प्रत्येकाचं गंभीरपणे ऐकून घ्यायचे. आजोबांना सांगतो, म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. फार त्रास न होता, रविवारी दुपारी, जेवून जरा आडवे झाले होते तेव्हा. अंत्यविधीला एवढी माणसं आली की अर्धी बाहेर उभी राहिली. कोणीतरी भारावून सुचवलं की काकांचा पोळपाट आणि लाटणं त्यांच्यासोबत ठेवू या. काकू डोळे पुसत होत्या, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि उद्या पोळ्या कशावर लाटू?" त्या हसल्या म्हणून मग आम्हीही हसलो. मी तर बराच वेळ हसत होतो. काका आठवले की माझं आजही असंच होतं, आणि हसता हसता मला नेहमी आईचा शनिवार आठवतो.

आई सांगलीला असते. बाबा गेले त्यानंतर ती घरात असून नसल्यासारखी झाली होती. टीव्ही बंद, भिशी बंद, शेजारी जाणं बंद. फोनवर मी विचारायचो आणि ती हो, बरं, जेवलास का, एवढंच म्हणायची. काय करावं ते मला समजत नव्हतं. घरात कोणाचा तरी आवाज राहील एवढ्याच विचाराने मी तिच्या फोनवर आमच्या रेडिओची लिंक टाकून दिली. क्रिकेटमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. दोन आठवड्यांनी तिने फोनवर मला विचारलं, की तू ऑफ स्टंपच्या बाहेरचे चेंडू कशाला खेळायला जातोस?

आमच्याकडे शनिवारची दुपार असते तेव्हा सांगलीत सकाळ असते. ती लवकर अंघोळ करून पोहे करू लागली. मग शेजारच्या दोघी पोहे खायला आणि ऐकायला येऊ लागल्या. माझ्या मनगटाची कीर्ती आमच्या गल्लीत पसरली. आईच्या फोनला विषय आले, आवाजाला जोर आला, मला आउट करणाऱ्या गोलंदाजांवर ती चिडू लागली. मी तिला खरं काय ते कधी सांगितलं नाही. सांगून तिच्याकडे उरलं काय असतं?

आणि मग, काका जायच्या आधीच्या फेब्रुवारीत, आई ऑकलंडला आली. सामान उघडायच्या आधीच तिने विचारलं, शनिवारी मॅच आहे ना? मी म्हटलं, मैदान लांब आहे. ऊन फार असतं. बसायला जागा नाही. ती म्हणाली, "मी छत्री आणलीय."

दुसऱ्या दिवशी फार्मसीत मी काकांना ही बातमी दिली. ते एका बाटलीवर लेबल चिकटवत होते, ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तिथे काही नाहीये रे," ते हळूच म्हणाले.

"मला माहितीये, काका. मी तिथेच खेळतो."

"त्यांना काय दिसेल मग?"

 काकांचं मैदान तिथे नव्हतं, झाड नव्हतं, मनगटही नव्हतं. आईच्या शनिवारचं आता काय होणार, ही भीती आम्हा दोघांना सारखीच वाटत होती. काकांना कदाचित जास्त, कारण सगळं त्यांनी बांधलेलं होतं. लेबल चिकटवून झाल्यावर ते म्हणाले, येऊ देत. पण कानाला रेडिओ लावून येऊ देत.

तो शनिवार पावसाने धुऊन नेला आणि रविवारी मी आईला अवोन्डेलच्या बाजारात नेलं. आळूचे कंद बघून ती हरखली, मेथीचा भाव रुपयांत करून तिने कपाळाला हात लावला. आम्ही भोपळ्यांच्या ढिगापाशी आलो आणि ती एकदम थांबली. पलीकडे कोणीतरी विक्रेत्याशी फ्लॉवरवरून घासाघीस करत होतं, तीही इंग्रजीत. आई ढीग ओलांडून पलीकडे गेली. काका हाफ पँटमध्ये, काखेत फ्लॉवर. आईने नमस्कार नाही, ओळख नाही, सरळ विचारलं, "कुत्र्याचा पाय कसा आहे हो आता?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी भोपळ्याकडे. मग त्यांनी फ्लॉवर एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला, मान ताठ केली, आणि त्यांच्या तोंडून शनिवारचा आवाज बाहेर आला.

"बरा आहे, वहिनी. येत्या शनिवारी येईल बहुतेक."

"मी पण येणारे," आई म्हणाली.

 घरी येताना गाडीत ती म्हणाली, आवाजावरून मला ते उंच वाटले होते. आणि वर, काही बिघडत नाही म्हणा.

शनिवारी मी तिला सीमारेषेबाहेर घडीच्या खुर्चीवर बसवलं. डोक्यावर छत्री, कानात इयरफोन. तिने सगळीकडे नीट पाहून घेतलं: छपरं, गॅरेजेस, प्लास्टिकचं टॉयलेट.

"पोहुतुकावा कुठलं रे?"

कौन्सिलने कोपऱ्यात नुकतंच एक रोप लावलं होतं, माझ्या कमरेएवढं, दोन काठ्यांना बांधलेलं. ते पोहुतुकावाच होतं, हे आमचं नशीब. मी ते दाखवलं. आईने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वाढेल." आजोबा दिसत नाहीत, असंही ती म्हणाली. मी म्हटलं, आले नसतील आज. तिने मान डोलावली.

आम्ही नेहमीप्रमाणे पटापट आउट होत होतो. एका षटकाच्या शेवटच्या चेंडूवर आमचा कॅप्टन गोलंदाजाच्या टोकाला धावबाद होऊन परतला आणि मी निघालो. जाताना आईकडे बघायचं टाळलं. पहिला चेंडू अंगावरून गेला. दुसऱ्याला मी बॅट फिरवली, आणि मागे यष्ट्यांचा आवाज झाला. मधली यष्टी जमिनीवर झोपली होती. माझ्या आईपासून हे जेमतेम पन्नास पावलांवर घडलं, आणि तिचे डोळे चांगले आहेत.

परतीची वाट लांब असते हे ऐकलं होतं, त्या दिवशी कळलं. कॅप्टनने "ऑल युअर्स, मेट" म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि तो निघून गेला. मी पॅडसकट आईच्या खुर्चीशेजारी गवतात बसलो. काय बोलावं याची जुळवाजुळव करत तोंड उघडलं, तर तिने तळवा वर करून मला थांबवलं.

"हळू," ती म्हणाली. "तू आत्ताच येतोयस बॅटिंगला."

तिने एक इयरफोन काढून मला दिला. मी कानात घातला. काका एक षटक मागे होते.

"...आणि मैदानात उतरतायत आपले आठव्या क्रमांकाचे फलंदाज. सावकाश. त्यांना घाई नाही. वाटेत थांबून त्यांनी पोहुतुकावाकडे एकदा पाहिलंय. आज तिथे सांगलीच्या एक वहिनी आल्या आहेत, छत्री घेऊन. आजोबांनी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली आहे."

आईने पदर सावरला. समोर षटक संपलं. मी सहाही चेंडू फोनवर लिहिले, दुसऱ्यापुढे लिहिलं: मी, बोल्ड, शून्य. एक क्षण वाटलं की तिथे चार लिहावेत. काकांना कळलं नसतं. पण काकांचा नियम होता, आणि शेजारी बसलेल्या बाईने सगळं पाहिलेलं होतं. पाठवायला बोट उचललं.

आई फोनच्या पडद्याकडे बघत होती. "पाठवलाच पाहिजे का?"

"नियम आहे, आई."

"मग पाठव. पण लगेच कशाला?" ती म्हणाली. "जरा खेळू दे की त्याला."

मी फोन मांडीवर पालथा ठेवला. मेसेज येत नाही हे काकांच्या लक्षात आलं असणार. त्यांच्या फलंदाजाने गार्ड घेतला. मग पुन्हा घेतला. त्याने क्षेत्ररक्षण नजरेखालून घातलं, खेळपट्टीवरचा एक खडा उचलून फेकला. गोलंदाज धावत निघाला आणि त्याच्या बुटाची नाडी सुटली. तो पुन्हा मागे गेला. तेवढ्यात आजोबांचा कुत्रा मैदानात शिरला. पाय साफ बरा झालेला, काकांनी मुद्दाम सांगितलं, चारही पायांवर धावतोय. दोन क्षेत्ररक्षक त्याच्या मागे. कुत्रा खेळपट्टीला वळसा घालून फलंदाजापाशी थांबला आणि फलंदाजाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आई हसायला लागली. खांदे हलवत, तोंडावर पदर धरून, बाबा होते तेव्हा हसायची तशी. मी पॅड बांधून गवतात बसलो होतो आणि तिकडे उन्हात उभा होतो, आणि दोन्हीकडे मला फार छान वाटत होतं.

मग मी मेसेज पाठवला.

रेडिओवर कुत्रा आजोबांच्या बाकाकडे परतला. पहिला चेंडू सुटून मागे गेला. नंतर टेबलावर दोन झाकणं पडली.

"त्रिफळाचीत," काका म्हणाले. "शून्य." दोन्ही शब्द त्यांनी स्वच्छ उच्चारले. "फलंदाज परत येतायत. मान वर आहे. प्रेक्षक उभे राहिलेत."

आणि साबुदाणा वाजायला लागला. कधी नव्हे इतका वेळ वाजला.

आई छत्री खाली ठेवून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. समोर त्या वेळी काहीच चाललं नव्हतं, गोलंदाज चेंडू पुसत होता. सीमारेषेवरच्या गोऱ्या पोराला वाटलं, टाळ्या त्याच्यासाठीच आहेत. त्याने टोपी काढून तिच्याकडे बघत वर धरली. आईने त्यालाही हात केला, पण टाळ्या थांबवल्या नाहीत. कानातला साबुदाणा थांबला तेव्हाच ती बसली. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"छान खेळलास," ती म्हणाली.